लव्हेंडरचे तेल आणि काचपात्रातील रोपे

ज्या निळ्या-जांभळ्या पाकळ्यांमुळे दक्षिण फ्रान्समधील प्रॉव्हान्स प्रांताचे माळ जगभर विख्यात झाले, त्या पाकळ्या गळून गेल्या तरी लव्हेंडरच्या तेलाची फारशी हानी होत नाही. कारण तेलाचा खरा साठा पाकळ्यांत नसून त्यांना खालून धरून ठेवणाऱ्या संवर्तावर, म्हणजे फुलाच्या नळीसारख्या बाह्यकोशावर असतो. या नळीवर उभ्या कडा उमटलेल्या असतात, कडांवर फांद्या फुटलेल्या मऊ केसांची दाट लव असते, आणि त्या लवेच्या आश्रयाने, दोन कडांमधील खोबणींत, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चमकदार ठिपक्यांसारख्या ग्रंथी बसलेल्या असतात. प्रत्येक ग्रंथीच्या माथ्यावर साधारणतः आठ पेशींचे एक मंडल असते; या पेशी तेल घडवितात आणि ते आपल्या अंगात न ठेवता वरच्या उपत्वचेच्या पातळ पडद्याखाली लोटून देतात, त्यामुळे पडदा फुगतो आणि त्याच्याखालच्या पोकळीत तेल साचत जाते. तुळस, सब्जा, पुदिना आणि पाच या आपल्या परिचयाच्या वनस्पती लव्हेंडरच्याच कुलातल्या. त्यांची पाने चुरगाळताच वास सुटतो त्याचे कारणही हेच, की बोटांच्या दाबाने हे पडदे फाटतात.

ग्रंथीची ही रचना इतक्या तपशिलाने सांगण्याचे प्रयोजन असे, की ऊतिसंवर्धनाच्या, म्हणजे वनस्पतीचा लहानसा तुकडा काचपात्रात पोसून त्यापासून पेशी किंवा अखंड रोपे वाढविण्याच्या विद्येकडून लव्हेंडरच्या तेलाविषयी ज्या ज्या अपेक्षा बाळगल्या गेल्या, त्यांतील कोणती फळास आली आणि कोणती आली नाही, याचा निवाडा अखेर या आठ पेशींच्या मंडलाशीच येऊन ठरतो.

लव्हेंडर या एका नावाखाली बाजारात तीन निरनिराळ्या वनस्पतींचे तेल येते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अस्सल लव्हेंडर ही अरुंद पानांची, थंडी सोसणारी जाती चुनखडीच्या डोंगरउतारांवर, बहुधा ८०० मीटरांहून अधिक उंचीवर वाढते. तिच्या तेलात लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट या दोन द्रव्यांचे प्राबल्य असते, कापराचा अंश अगदी नाममात्र, बहुधा एका टक्क्याच्या आतच असतो, आणि म्हणूनच त्या तेलाचा गंध मृदू, किंचित फळासारखा आणि नाकाला न टोचणारा असतो. दुसरी जाती रुंद पानांची, स्पाइक या नावाने ओळखली जाणारी, सखल व उष्ण उतारांवर राहणारी. तिच्या तेलात कापूर आणि निलगिरीच्या तेलातले सिनिओल भरपूर, त्यामुळे तिचा वास औषधी. या दोन जातींचे मुलूख डोंगराच्या मध्यावर एकमेकांना भिडतात, मधमाश्या या सीमेची पर्वा न करता दोन्हीकडे हिंडतात, आणि त्यांच्या येरझारांतून जो संकर उपजला त्याला लव्हँडिन म्हणतात. आकाराने थोराड, फुलांनी लगडलेला हा संकर तेल देण्यात आपल्या दोन्ही मातापितरांना मागे टाकतो. अस्सल लव्हेंडरच्या एक किलो तेलासाठी १०० ते १५० किलो फुले लागतात, तेथे लव्हँडिनची ४० ते ६० किलो पुरतात. मात्र त्याच्या तेलात कापूर ६ ते ८ टक्क्यांपर्यंत चढतो, म्हणून ते उंची अत्तरापेक्षा साबण आणि धुलाईच्या पदार्थांत अधिक खपते.

तेल काढण्याची रीत तिन्हींची एकच. कापलेल्या फुलोऱ्यांचे भारे एक-दोन दिवस सुकवून मोठ्या पात्रात दाबून भरावयाचे, खालून पाण्याची वाफ सोडावयाची, वाफेच्या उष्णतेने ग्रंथींचे पडदे फुटून बाहेर पडलेले तेल वाफेबरोबर वर चढू द्यावयाचे आणि थंड नळीत ती वाफ पुन्हा पाण्याच्या रूपात आणली, की पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे करून घ्यावयाचे. कनौजचे अत्तरवाले ज्या देग-भपक्यावर शतकानुशतके गुलाब आणि केवडा उतरवीत आले, त्याच्यामागचे तत्त्व याहून निराळे नाही. या कामात अनुभवी माणसाची कसोटी वेळेच्या हिशोबात लागते. वाफ फार काळ चालू ठेवली तर लिनॅलिल ॲसिटेटचे पाण्याच्या सान्निध्यात विघटन होऊन तेलातला मुख्य गोडवाच उणा होतो.

आता ज्या अडचणीमुळे लव्हेंडरवाल्यांना प्रयोगशाळेच्या दाराशी जावे लागले, ती सांगतो. लव्हँडिन हा संकर वंध्य आहे. त्याला फुले अमाप येतात, पण बी धरत नाही. म्हणून त्याची लागवड करावयाची म्हणजे फाटे कलम करूनच करावयाची, आणि एका झाडाच्या फांदीपासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे, अशा रीतीने हजारो हेक्टरांवर पसरलेली सारी झाडे वस्तुतः एकाच झाडाचे विखुरलेले अवयव ठरतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये ॲब्रियल नावाच्या अशाच एका वाणाचे राज्य होते. हा वाण तेलाने उत्तम, दिसण्यास देखणा आणि शेतकऱ्यांचा लाडका. पण पुढे त्याच्या शेतांत एक विचित्र क्षय शिरला. झाडे पिवळी पडत, एका बाजूने वाळत, आणि जी झाडे वर्षानुवर्षे उत्पन्न देत राहावयाची ती काही वर्षांतच मरून जात. १९७०च्या दशकात वोक्लूझ परगण्यातील पिएर ग्रोसो नावाच्या लागवडदाराच्या दृष्टीस मरणाऱ्या झाडांत एक ठणठणीत झाड पडले, त्याने त्याची कलमे केली, आणि आज फ्रान्समधील लव्हँडिनच्या बहुतेक क्षेत्रावर त्याच्याच नावाचा ग्रोसो वाण उभा आहे. तेव्हा एका वाणाची मक्तेदारी रोगाने मोडली आणि तिच्या जागी दुसऱ्या एका वाणाची मक्तेदारी आली, असेच या प्रकरणाचे वर्णन करावे लागते. या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

या क्षयाचे कारण स्टोल्बर नावाचा एक फायटोप्लाझ्मा आहे. फायटोप्लाझ्मा म्हणजे पेशीभित्ती नसलेला, जीवाणूंच्या जातीचा अतिसूक्ष्म जीव. अशा जीवांचा शोध जपानी शास्त्रज्ञांना १९६७ साली लागला, तोवर त्यांनी होणारे रोग विषाणूंच्या खाती जमा धरले जात. हा जीव वनस्पतीच्या परिकाष्ठात, म्हणजे पानांत तयार झालेली साखर खाली वाहून नेणाऱ्या नलिकांत राहतो, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर त्याला नेणारा वाहक म्हणजे रस शोषणारा एक लहानसा तुडतुडा, ज्याची पिल्ले लव्हेंडरच्याच मुळांवर वाढतात. अस्सल लव्हेंडरलाही या रोगाने सोडलेले नाही. शेतात उभ्या झाडातून त्याला काढून टाकणारा कोणताही व्यवहार्य इलाज नाही. आणि रोगी झाडाचे वरून निरोगी दिसणारे फाटे कापून लावले तर रोगही त्यांच्याबरोबर नव्या शेतात जातो. ज्या लागवडीचा सारा आधार कलमांवर, त्या लागवडीत कलमच रोगाचे वाहन व्हावे, यापरते मोठे संकट ते कोणते?

ऊतिसंवर्धनाची विद्या या सुमारास हाताशी आली होती. वनस्पतीच्या प्रत्येक जिवंत पेशीत अखंड वनस्पती घडविण्याचे सामर्थ्य सुप्त असले पाहिजे, हा विचार ऑस्ट्रियातील गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ साली मांडला, पण त्यांच्या काचपात्रांतील पेशी जिवंत राहूनही विभागल्या मात्र नाहीत. १९३९ साली फ्रान्समध्ये गोत्रे व नोबेकूर यांना आणि अमेरिकेत व्हाइट यांना ऊती काचपात्रात अमर्याद काळ वाढत्या ठेवण्यात यश आले. १९५७ साली स्कूग व मिलर यांनी दाखवून दिले, की ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांच्या परस्परप्रमाणावर ऊतीचे भवितव्य अवलंबून असते, ऑक्सिनचे पारडे जड असेल तर मुळे फुटतात, सायटोकायनिनचे जड असेल तर कोंब फुटतात, आणि दोन्ही समतोल असली तर आकारहीन पेशींचा गोळा, ज्याला कॅलस म्हणतात तो, वाढत राहतो. १९६२ साली मुराशिगे व स्कूग यांनी तंबाखूच्या ऊतीसाठी पोषक माध्यमाचे जे सूत्र सिद्ध केले, तेच आजही लव्हेंडरपासून केळीपर्यंत शेकडो वनस्पतींसाठी, थोड्याफार फेरफारांनी, जगभर वापरले जाते. या विद्येत महाराष्ट्रही मागे राहिला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील नाडगौडा, परशरामी आणि मस्करेन्हस यांनी, ज्याला एरवी फुलोऱ्यावर येण्यास कित्येक दशके लागतात त्या बांबूला काचपात्रात काही महिन्यांतच फुले आणून १९९० साली जगाचे लक्ष वेधून घेतले होते. आणि जळगावच्या शेतकऱ्याला तर टिश्यूकल्चर हा शब्द आता कोणी समजावून सांगावयास नको, इतकी ती केळीची रोपे त्याच्या अंगवळणी पडली आहेत.

परंतु ज्या प्रयोगाने लव्हेंडरचा प्रश्न सोडविण्याची वाट मोकळी झाली तो याहून निराळा. फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्तँ यांनी १९५२ साली विषाणूग्रस्त डेलियाच्या कोंबाचे अगदी शेंड्यावरचे टोक कापून घेऊन त्यापासून निरोगी रोपे मिळविली. कोंबाच्या टोकाशी विभाजी ऊतीचा एक लहानसा घुमट असतो; त्यातील पेशी अखंड विभागत असतात आणि रसवाहिन्यांचे जाळे अद्याप त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नसते. जो रोगजीव केवळ परिकाष्ठाच्या नलिकांतूनच प्रवास करू शकतो त्याला या घुमटापर्यंत जाण्यास मार्गच उरत नाही. म्हणून रोगी झाडाच्याही शेंड्याचा, मिलिमीटरचा दशांश-दोन दशांश एवढा भाग सूक्ष्मदर्शकाखाली बिनचूक कापता आला, तर त्यापासून वाढविलेले रोप रोगमुक्त निघण्याची पुष्कळ आशा असते. टोक जितके लहान घ्यावे तितके ते निर्दोष असण्याची शक्यता अधिक आणि जगण्याची शक्यता कमी. या दोन टोकांमधला मध्यबिंदू हाताला सापडणे हीच या कामातली खरी विद्या, आणि ती पुस्तकातून येत नाही.

प्रयोगशाळेत पुढे काय घडते ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. निवडलेल्या मातृवृक्षाचे कोवळे कोंब धुऊन, मद्यार्कात व नंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात काही मिनिटे बुडवून निर्जंतुक करतात. लव्हेंडरच्या बाबतीत हेच काम मोठे चिकाटीचे, कारण अंगभर असलेल्या लवेत हवेचे बुडबुडे अडकून राहतात आणि त्यांच्या आडोशाला जंतूही. पोषक माध्यमात खनिज क्षार, जीवनसत्त्वे, शेकडा तीनच्या प्रमाणात साखर आणि घट्टपणासाठी अगर घालून ते दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक केलेले असते; गाळलेल्या हवेच्या झोतापुढे बसून कोंबाचे तुकडे त्यावर रोवतात आणि बाटल्या २५ अंशांच्या आसपास, दिवसाचे १६ तास कृत्रिम प्रकाश मिळेल अशा खोलीत ठेवतात. सायटोकायनिनच्या प्रभावाने एका कोंबाच्या बेचक्यांतून अनेक कोंब फुटतात, ते सुटे करून पुन्हा नव्या बाटल्यांत लावतात, आणि हा क्रम दर चार-सहा आठवड्यांनी चालू राहतो. प्रत्येक खेपेस एकाचे चार झाले असे धरले, तर दहा खेपांअखेर कागदावर दहा लाखांहून अधिक रोपे होतात. प्रत्यक्षात तितकी कोणी करीत नाही आणि करूही नयेत, कारण खेपा वाढतील तसे मूळ वाणापासून ढळलेले रोप मध्येच उपजण्याचे भय वाढते. अखेरीस ऑक्सिनच्या साहाय्याने मुळे फोडून घेतात.

लव्हेंडरच्या रोपांना काचपात्रात एक खास व्याधी जडते. बाटलीतील कोंदट दमटपणात आणि सायटोकायनिनच्या आधिक्यात कोंब जाड, ठिसूळ व पारदर्शक होतात. पाने काचेसारखी दिसतात, त्यांत पाणी भरलेले असते, आणि असे रोप बाहेर काढताच मान टाकते. भूमध्य समुद्राकाठच्या रखरखीत उतारांवर, पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशोब ठेवून जगण्यासाठी घडलेल्या या वनस्पतीला संपूर्ण आर्द्रतेच्या डबीत कोंडल्यावर तिने असे करावे यात नवल नाही. उपाय म्हणून संप्रेरकाचे प्रमाण उतरवितात, अगर वाढवून माध्यम घट्ट करतात, झाकणातून हवा खेळती ठेवतात. जी रोपे निकोप निघतात त्यांचीही परीक्षा पुढेच असते, कारण काचेत वाढलेल्या पानांवर मेणचट उपत्वचेचा थर जेमतेम चढलेला असतो आणि त्यांची पर्णरंध्रे मिटण्याची सवय विसरलेली असतात. म्हणून काही आठवडे धुक्याच्या फवाऱ्याखाली ठेवून, आर्द्रता दिवसेंदिवस कमी करीत, त्यांना उघड्या हवेची ओळख करून द्यावी लागते. या टप्प्यावर घाई केली, तर प्रयोगशाळेतील कित्येक महिन्यांचे श्रम एका दुपारच्या उन्हात वाया जातात.

येथवरचा इतिहास रोपांचा झाला. पण ऊतिसंवर्धनाकडून एक याहून भव्य अपेक्षा होती: रोप, शेत, कापणी, भपका हा सगळा खटाटोप वगळून, पेशींनाच मोठ्या पोलादी टाकीत द्रव माध्यमात वाढवावे आणि त्यांच्याकडून थेट तेल घ्यावे. ही कल्पना निव्वळ हवेतली नव्हती. जपानमधील मित्सुई पेट्रोकेमिकल या कंपनीने १९८३ साली लिथोस्पर्मम या वनस्पतीच्या पेशी टाक्यांत वाढवून शिकोनिन हे तांबडे रंजकद्रव्य बाजारात आणले होते, आणि टॅक्सॉल हे कर्करोगावरचे मोलाचे औषधही पुढे याच मार्गाने, टॅक्सस वृक्षाच्या पेशींपासून, तयार होऊ लागले. मग लव्हेंडरचे तेल का मिळू नये?

लव्हेंडरच्या पेशी टाकीत वाढल्या, झपाट्याने वाढल्या, आणि त्यांनी अनेक मौल्यवान द्रव्येही दिली. जपानी संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी त्यांच्यातून बायोटिन हे जीवनसत्त्व अधिक प्रमाणात घडविणाऱ्या पेशींची निवड केली. बल्गेरियाच्या विज्ञान अकादमीतील शास्त्रज्ञांनी तर १९९०च्या दशकापासून लव्हेंडरच्या एका पेशीवंशावर दीर्घकाळ काम करून, द्रव माध्यमात रोझमॅरिनिक आम्ल हे ऑक्सिडीकरणरोधी द्रव्य भरघोस प्रमाणात मिळविले. पण ज्या गंधासाठी लव्हेंडर जगाला हवे, ते लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट या आकारहीन पेशींकडून व्यापाराच्या हिशोबात घेण्याजोगे मिळाले नाही.

याची कारणे मला फार बोधप्रद वाटतात. रोझमॅरिनिक आम्ल पाण्यात विरघळणारे. पेशीच्या आतील रसधानीत ते निमूटपणे साठून राहते आणि पेशीचे काही बिघडत नाही. तेलाचे तसे नाही. लिनॅलूलसारखी द्रव्ये पेशीच्या मेदमय पडद्यांत शिरून ते सैल करतात. ज्या पेशीने ती घडवावी तिच्याच जिवावर ती उठतात. उघड्या झाडावर ग्रंथीच्या पेशी हे विष घडताक्षणी बाहेरच्या पोकळीत लोटतात म्हणून तगतात; कॅलसमधील पेशीजवळ अशी पोकळी नाही, उपत्वचेचा पडदा नाही, तेव्हा जे थोडे तेल घडेल ते हवेत उडून जावे, अथवा पेशीने त्याला साखरेचा रेणू जोडून निर्गंध व निरुपद्रवी करावे, एवढेच संभवते. शिवाय हे तेल घडविणाऱ्या एंझाइमांची जनुके सर्व पेशींत असली, तरी ती जागी होतात प्रामुख्याने ग्रंथीच्या पेशींत, आणि ग्रंथी उपजते ती पाना-फुलांचे अवयव आकारास येत असताना. लिनॅलूल घडविणाऱ्या एंझाइमाचे जनुक लव्हेंडरमधून २००७ साली वेगळे काढण्यात आले आणि त्या जनुकाची हालचाल फुलोऱ्याच्या वाढीशी जोडलेली आढळली. तेव्हा पेशीला तिच्या अवयवापासून तोडून, तिच्यातून शरीररचनेचे सगळे भान पुसून टाकून, मग तिने अवयवाचे काम करावे ही मागणी मुळातच अयोग्य होती. द्रव माध्यमावर तेल शोषून घेणारा दुसरा द्रव तरंगत ठेवण्याच्या, पेशींना निरनिराळ्या उत्तेजकांचे चटके देण्याच्या अनेक युक्त्या सुगंधी वनस्पतींवर करून पाहण्यात आल्या. त्यांनी ज्ञानात भर घातली, पण भपक्याची जागा घेतली नाही.

याउलट काचपात्रात वाढलेले अखंड कोंब, जेथे पाने आहेत तेथे ग्रंथीही असल्यामुळे, तेल घडवितात. बाटली उघडताच येणारा वास त्याची साक्ष देतो. पण हे तेल फुलांच्या तेलाहून घटनेने भिन्न असते, कारण पानाच्या आणि फुलाच्या ग्रंथींचे व्यवहार वेगळे, आणि बाटलीतल्या इवल्या कोंबांतून भपका भरेल इतका माल निघणेही शक्य नाही. या कोंबांचा खरा उपयोग निराळ्या दिशेने झाला. स्पेनमधील वालेन्सिया येथील संशोधकांनी स्पाइक लव्हेंडरच्या ऊतींत तेलाच्या निर्मितिमार्गावरील आरंभीच्या एका एंझाइमाचे जास्तीचे जनुक घालून त्यांपासून अखंड रोपे उभी केली, आणि २००६ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार काही रोपांच्या पानांत तेलाचे प्रमाण तिपटीहून अधिक झाले. म्हणजे तेल वाढले खरे, पण तेही पेशींच्या गोळ्यात नव्हे, तर ग्रंथींनी युक्त अशा पूर्ण झाडात.

आता जमाखर्चाची बाब. लव्हेंडरचे फाटे कलम कष्टाविना रुजते, आणि प्रयोगशाळेतून निघालेले रोप त्या कलमाच्या मानाने महाग पडते. म्हणून साऱ्या शेतात ऊतिसंवर्धित रोपेच लावावीत असे सांगणारा माणूस शेतकऱ्याचा हितचिंतक नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. केळीचा दाखला येथे लागू पडत नाही, कारण केळीचे बाग वरचेवर नव्याने लावावे लागतात, तर लव्हेंडरचे एक झाड सुस्थितीत दहा वर्षे उत्पन्न देते. शहाणपणाची वहिवाट अशी, की शेंड्याच्या ऊतीपासून मोजकीच रोगमुक्त रोपे तयार करावीत, त्यांची रोगजीवासाठी प्रयोगशाळेत तपासणी करावी, तुडतुड्याला प्रवेश मिळणार नाही अशा जाळीच्या घरात ती मातृवृक्ष म्हणून जतन करावीत, आणि त्यांच्या फाट्यांपासून प्रमाणित रोपे वाढवून शेतकऱ्यांना द्यावीत. फ्रान्समध्ये निरोगी रोपांची योजना बव्हंशी अशाच पायऱ्यांनी चालते. मात्र रोगमुक्त रोप हे रोगप्रतिकारक रोप नव्हे, हेही शेतकऱ्याला तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. शेजारच्या शेतातून तुडतुडा आला की तेही आजारी पडू शकते. स्वच्छ आरंभाने मिळतात ती पहिली काही वर्षे, आणि लव्हेंडर पूर्ण उत्पन्नावर येण्यास तीन वर्षे लागत असल्यामुळे त्या पहिल्या वर्षांचीच किंमत सर्वांत मोठी.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर लव्हेंडरचे क्षेत्र काश्मीर आणि जम्मू विभागातील थंड डोंगराळ भाग हेच. जम्मूच्या भारतीय एकात्मिक औषध संस्थेने तेथे लव्हेंडर रुजविले, २०१६ साली सुरू झालेल्या अरोमा मिशनमधून त्याची कलमे शेतकऱ्यांपर्यंत नेली, आणि दोडा जिल्ह्यातील भदरवाहच्या परिसरात ज्या कोरडवाहू तुकड्यांवर मका होत असे, तेथे आज जांभळी शेते उभी आहेत. कोकणच्या मुसळधार पावसाच्या प्रदेशाला हे पीक मानवणार नाही. त्याच्या मुळांना साचलेले पाणी मुळीच खपत नाही. मात्र जे क्षेत्र झपाट्याने विस्तारत आहे, जेथे एका गावाची कलमे दुसऱ्या गावात जात आहेत, तेथे जाळीच्या घरातील तपासलेल्या मातृवृक्षांची तजवीज रोग येण्यापूर्वी करावयाची असते. फ्रान्सला ती रोग आल्यानंतर करावी लागली.

ॲब्रियल आणि ग्रोसो यांच्या कहाणीकडे पुन्हा येण्याचे मी म्हटले होते. ऊतिसंवर्धन एका झाडाची हुबेहूब लक्षावधी झाडे करू शकते, हे त्याचे सामर्थ्य. पण नेमके याच सामर्थ्यामुळे एका वाणाचे साम्राज्य पूर्वी पसरले त्याहून वेगाने पसरू शकते, आणि ज्या रोगाला तो वाण बळी पडेल तो रोगही तितक्याच वेगाने. यावरचा उतारा प्रॉव्हान्सच्या डोंगरांतच आहे. तेथील काही शेतकरी अजूनही अस्सल लव्हेंडर बियांपासून लावतात. त्यांच्या शेतात कोणतीही दोन झाडे तंतोतंत सारखी नसतात, एक आधी फुलते, एक उशिरा, एकाचा रंग फिका, दुसऱ्याचा गडद, आणि त्यांचे उत्पन्न कलमी शेताहून बरेच कमी भरते. अशा बियाण्याच्या लव्हेंडरच्याच तेलाला ‘ओत-प्रॉव्हान्सचे लव्हेंडर तेल’ ही संरक्षित उत्पत्तिनामाची सनद १९८१ सालापासून आहे, आणि ८०० मीटरांखालच्या शेतांना ती मिळत नाही. अत्तरे घडविणाऱ्यांना या तेलाचे मोल वाटते ते त्याच्या गंधातील अनेकपदरीपणासाठी. वनस्पतिशास्त्राला वाटावे ते एका वेगळ्या कारणाने, कारण उद्याचा रोग सोसणारे झाड अशाच असमान गर्दीत सापडण्याचा संभव. ग्रोसोलाही त्याचे झाड असेच, मरणाऱ्यांच्या रांगांत वेगळे उभे असलेले, मिळाले होते. बल्गेरियात १९०७ साली लव्हेंडर प्रथम आणले गेले आणि काझान्लिकच्या गुलाबसंशोधन संस्थेने पुढे त्यातून हेमुस, सेव्टोपोलिस यांसारखे स्वतःचे वाण निवडले, तेही बियांच्या रोपांतील विविधतेवर विसंबूनच.

म्हणून ज्या प्रयोगशाळेत रोगमुक्त रोपांच्या बाटल्या मांडून ठेवल्या जातात, तिच्याच शीतकपाटात मंदगतीने वाढणारी, वर्षाकाठी क्वचितच हलवावी लागणारी दुसरी एक मांडणीही असावी, अशी माझी कळकळीची शिफारस आहे: डोंगरातील बियाण्याच्या निरनिराळ्या झाडांची, ज्यांचे तेल आज बाजारात कोणी मागत नाही अशांचीही. काचपात्रात वाण जपण्याचे हे तंत्र बटाटा आणि केळी यांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहालयांत दीर्घकाळ रूढ आहे. त्यातील प्रत्येक झाड पुढे शेतात लावून, तीन वर्षे वाढवून, त्याच्या फुलांचे तेल काढून, त्यात लिनॅलूल किती, ॲसिटेट किती, कापूर किती याची नोंद वर्णलेखन यंत्रावर करावी लागते. कारण बाटलीतल्या कोंबाच्या वासावरून फुलाच्या तेलाची परीक्षा होत नाही, आणि संवर्ताच्या खोबणींतील ग्रंथी भरण्यास जुलैचे ऊन लागते.